एक रेष आणि तीन जिल्हे

रावेर-यावलकडे केळीच्या बागेत व्यापारी येतो तेव्हा तो प्रत्येक घड काट्यावर चढवून मगच बोलतो असे नाही. घडाला फण्या किती आहेत हे तो पाहतो, केळ्याचा घेर चिमटीत घेऊन बघतो आणि सांगतो, ‘हा इतक्या किलोचा भरेल.’ एखाद्या घडाच्या बाबतीत त्याचा अंदाज किलो-दोन किलोने चुकतो. पण शंभर घडांचा एकत्र हिशेब केला तर फारसा चुकत नाही. कारण त्याने आयुष्यभर हजारो घड पाहिलेले असतात. एक फणी वाढली की वजन साधारण किती वाढते, हे त्याच्या नजरेत बसलेले असते.

या नजरेला संख्याशास्त्रात ‘रिग्रेशन’ म्हणतात. मराठीत त्याला समाश्रयण किंवा प्रतिगमन असे जड शब्द आहेत. शब्द कोणताही घ्या, अर्थ एवढाच की, एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधायचा आणि पहिली एका मापाने वाढली तर दुसरी सरासरी कितीने बदलते, हे आकड्यात सांगायचे.

या विषयावर मी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. मी मराठी घेऊन बी.ए. झालो आणि सारी उमर कवितेत गेली. पण जळगाव-धुळ्याकडची एम.एस.डब्ल्यू., नर्सिंग, अर्थशास्त्र, समाजशास्त्र शिकणारी मुले-मुली आपल्या प्रकल्पाचे मराठी तपासून घ्यायला माझ्याकडे येतात. प्रश्नावली गावातल्या बाईला समजेल अशा भाषेत हवी, आणि ते काम भाषेच्या माणसाचे. प्रश्नावलीपर्यंत सारे ठीक चालते. पुढे तक्ते लागले की मुलांचा आवाज बारीक होतो. ‘सर, हे कॉम्प्युटरने काढून दिलंय,’ असे उत्तर येते. आकडा संगणकाचा, त्याखालचे वाक्य आदल्या वर्षीच्या प्रबंधातले, आणि मधला अर्थ कुणाचाच नाही. माझी एक भाची धुळ्याला एम.एस्सी. नर्सिंग करते. तिच्याबरोबर बसून मी हा विषय पहिल्यापासून समजून घेतला. तोच आज मांडतो, आणि उदाहरण आपल्या घरचेच घेतो.

मित्रहो, १९०६ साली खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. म्हणजे आजचा खान्देश तीन जिल्ह्यांचा. या तिन्ही जिल्ह्यांचे दोन-दोन आकडे घेऊ. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, म्हणून आकडे २०११ चे आहेत. पहिला आकडा साक्षरतेचा : नंदुरबार सुमारे ६४ टक्के, धुळे ७३ टक्के, जळगाव ७८ टक्के. दुसरा आकडा सहा वर्षांपर्यंतच्या मुलींचा, म्हणजे दर हजार मुलग्यांमागे मुली किती : नंदुरबार ९४४, धुळे ८९८, जळगाव ८४२.

आकडे एकदा पुन्हा वाचा. साक्षरतेची पायरी चढत जावे तशी मुलींची संख्या उतरत जाते. जळगावात तर हाच आकडा २००१ साली ८८० होता. दहा वर्षांत तो आणखी ३८ ने घसरला.

आता आलेख कागद घ्या. आडव्या बाजूला साक्षरता आणि उभ्या बाजूला मुलींची संख्या मांडा. तीन ठिपके पडतील. डावीकडे वर नंदुरबार, मध्ये धुळे, उजवीकडे खाली जळगाव. या तिघांच्या जितक्या जवळून जाता येईल तितक्या जवळून एक सरळ रेष काढायची आहे. तिन्ही ठिपके एका रेषेवर नाहीत, म्हणून कुणाला तरी थोडे वर, कुणाला थोडे खाली ठेवावे लागणार. मग सर्वांत चांगली रेष कोणती?

समजा, नंदुरबारपासून जळगावपर्यंत सरळ दोरा ताणला. हे दोघे दोऱ्यावर बसतात, पण धुळे दोऱ्याच्या सुमारे १९.६ वर राहते. आता दुसरी रेष घ्या. ती नंदुरबारसाठी ९४९ सांगते, धुळ्यासाठी ८८५ आणि जळगावसाठी ८५०. प्रत्यक्ष आकड्यांशी ताडून पाहा. नंदुरबार ५ ने खाली, धुळे १३ ने वर, जळगाव ८ ने खाली. वरच्या आणि खालच्या चुका नुसत्या मिळवल्या तर त्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि बेरीज शून्य येते. म्हणून प्रत्येक चुकीचा वर्ग करायचा. २५, १६९ आणि ६४, मिळून २५८. दोऱ्याच्या वेळी एकट्या धुळ्याच्या चुकीचा वर्गच ३८४ होता. म्हणजे दुसरी रेष चांगली. ज्या रेषेची ही बेरीज सर्वांत कमी ती आपली रेष. या रीतीला लघुतम वर्गांची पद्धत म्हणतात. फ्रान्सच्या लजांद्र यांनी ती १८०५ मध्ये छापली, ग्रहताऱ्यांच्या हिशेबासाठी. आज संगणक एका क्षणात हेच करतो. पण प्रत्येक विद्यार्थ्याने आयुष्यात एकदा तरी तीन ठिपक्यांवर हाताने ही आकडेमोड करावी. मग संगणकाची भीती राहत नाही.

या रेषेचा उतार सुमारे उणे ७ येतो. म्हणजे, या तीन जिल्ह्यांत साक्षरता एका टक्क्याने जास्त असली की दर हजार मुलग्यांमागे सरासरी ७ मुली कमी दिसतात. हे वाक्य बरोबर आहे. पण पुष्कळ प्रबंधांत त्याच्या पुढच्या ओळीत लिहिलेले असते : ‘यावरून साक्षरतेमुळे मुलींचे प्रमाण घटते असे सिद्ध होते.’ इथे खरा घोटाळा सुरू होतो. ‘दिसतात’ आणि ‘मुळे’ या दोन शब्दांमध्ये मोठे अंतर आहे. ते अंतर ओलांडण्याचा अधिकार रेषेने आपल्याला दिलेला नाही.

हीच रेष जरा पुढे ताणून पाहू. केरळची साक्षरता २०११ मध्ये ९४ टक्के होती. आपली रेष म्हणते, तिथे हजारामागे सुमारे ७४० मुली असतील. प्रत्यक्षात केरळात ९६४ होत्या, आपल्या नंदुरबारपेक्षाही जास्त. रेष २०० हून अधिकने चुकली! यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, ज्या टापूतले ठिपके आपण पाहिले त्याच्या बाहेर रेष ताणू नये. दोन, तीन ठिपक्यांवर कोणताही निष्कर्ष काढू नये. मी हे तीन ठिपके हात बसावा म्हणून घेतले. खऱ्या अभ्यासाला शेकड्यांनी लागतात.

पण मग साक्षरता वाढताना मुली कमी का दिसतात? इथे खान्देशाची ओळख असलेला माणूस लगेच म्हणेल, अहो, नंदुरबार आणि जळगाव यांच्यात फरक काय एकट्या साक्षरतेचाच आहे? २०११ मध्ये नंदुरबारच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा सुमारे ६९ टक्के, धुळ्यात ३२ टक्के, जळगावात १४ टक्के होता. भिल्ल, पावरा, कोकणा समाजांत बाई शेतात, जंगलात, बाजारात बरोबरीने राबते. लग्नात नवऱ्या मुलाकडून वधूमूल्य देण्याची रीत या समाजांत आहे. जळगावच्या तापीकाठी बागायत आहे, केळीचा आणि कापसाचा पैसा आहे, शहरे मोठी आहेत, सोनोग्राफीची यंत्रे जवळ आहेत. हुंडा आहे, दोनच मुले हवीत हा आग्रह आहे, आणि त्या दोघांत एक मुलगा हवाच ही हौसही आहे. या साऱ्या गोष्टी साक्षरतेबरोबर हातात हात घालून चालतात. आपण आलेखावर साक्षरता मांडली, पण तिच्या पाठीमागे एवढी मोठी वरात उभी आहे. दोष कुणाचा, हे नुसती रेष कशी सांगणार?

अशा पाठीमागे लपलेल्या घटकांना वेगळे करण्यासाठी जे करतात ते बहुचल रिग्रेशन. नाव मोठे आहे, कल्पना साधी. दोन गावांची तुलना करायची तर ती बाकी सगळ्या बाबतींत सारखी असावीत, आणि फरक फक्त साक्षरतेत असावा. आदिवासी गावे आदिवासी गावांशी ताडावीत, बागायती गावे बागायती गावांशी, शहराजवळची शहराजवळच्यांशी. अशी जोडगावे प्रत्यक्षात मिळणे कठीण, म्हणून गणिताच्या आधाराने हे काम एका समीकरणात करतात. प्रत्येक घटकाला स्वतःचा उतार मिळतो, आणि त्याचा अर्थ असा वाचायचा : ‘यादीतले इतर घटक सारखे धरले तर.’ हे ‘तर’ विसरले की सगळे समीकरण वाया जाते.

हे काम भारतात चांगल्या रीतीने झालेले आहे. ममता मूर्ती, ॲन-कॅथरिन गुइओ आणि ज्याँ द्रेझ यांनी १९८१ च्या जनगणनेवरून १४ मोठ्या राज्यांतल्या २९६ जिल्ह्यांचा अभ्यास केला आणि तो १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. त्या काळी सोनोग्राफी गावोगाव पोचलेली नव्हती. म्हणून त्यांनी पाहिले ते जन्मलेल्या बाळांचे मरण, आणि त्यात मुलीच जास्त मरतात का, हे. निष्कर्ष असा निघाला की, इतर घटक सारखे धरले तर जिथे स्त्रियांची साक्षरता जास्त तिथे बालमृत्यू कमी, आणि मुलींच्या वाट्याला येणारे जादा मरणही कमी. जिथे स्त्रिया कामासाठी घराबाहेर जास्त पडतात तिथे मुलींवरचा अन्याय कमी. जिथे अनुसूचित जमातींचा वाटा जास्त तिथेही तो कमी. आणि गरिबी जास्त असलेल्या जिल्ह्यांत मुलींशी होणारा भेद उलट कमी आढळला.

आपल्या तीन ठिपक्यांच्या रेषेने साक्षरतेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते. २९६ जिल्ह्यांच्या समीकरणात स्त्रीची साक्षरता मुलीच्या बाजूने साक्ष देताना दिसली. मोजलेली गोष्ट दोन्हीकडे हुबेहूब तीच नाही, एकीकडे मुलींची संख्या आणि दुसरीकडे मृत्यू, हे खरे. पण धडा स्पष्ट आहे. बाकीचे घटक समीकरणात आले की एखाद्या घटकाचा उतार उणेचा अधिक होऊ शकतो. जळगावच्या आकड्यावरून कुणी ‘मुली शिकवल्या म्हणून मुली घटल्या’ असे म्हणू लागला तर त्याला उत्तर द्यायला एवढे तरी आपल्याला आले पाहिजे. ही नुसती परीक्षेची गोष्ट नाही.

आणखी एक सावधगिरी आहे. जिल्ह्याचा आकडा हा जिल्ह्याचा असतो, त्यातल्या एकेका बाईचा नसतो. अमेरिकेतले रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये याचे नामी उदाहरण दिले. १९३० च्या जनगणनेत ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त त्या राज्यांत निरक्षरता कमी दिसली. वाटावे, बाहेरून आलेले लोक जास्त शिकलेले असावेत. पण माणसामाणसांचे आकडे पाहिले तर बाहेरून आलेल्यांतच निरक्षर थोडे जास्त होते. ते राहायला गेले होते अशा राज्यांत, जिथले मूळचे लोक जास्त शिकलेले. आपल्याकडेही तसेच. जळगाव जिल्ह्यात साक्षर जास्त आणि मुली कमी, एवढ्यावरून साक्षर आईच मुलगी नाकारते असे म्हणता येत नाही. त्यासाठी घराघरांतली माहिती हवी. प्रबंधात प्रश्न बाईबद्दल विचारायचा आणि आकडे तालुक्याचे वापरायचे, हे चालत नाही.

आता आरोग्याकडे वळू. तिथेही हेच आहे, फक्त ठिपक्यांच्या जागी माणसे येतात. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या ७९७ स्त्रियांच्या आहारावरचा लेख २००१ मध्ये आला. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन भरले २ किलो ६६५ ग्रॅम. साधी समजूत अशी की, आईने एकूण जास्त खाल्ले की बाळ मोठे होणार. पण आहारातली एकूण ऊर्जा आणि प्रथिने यांचा बाळाच्या आकाराशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो गरोदरपणाच्या अठराव्या आठवड्यातल्या दुधाचा आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यातल्या हिरव्या पालेभाज्या आणि फळांचा. गोंधळ घालू शकणारे इतर घटक हिशेबात घेतल्यावरही तो संबंध टिकून राहिला.

माझ्या भाचीने हे वाचून दाखवले तेव्हा मी म्हटले, ‘झालं की मग! मेथी आणि दूध द्या सगळ्यांना.’ ती हसली. म्हणाली, ‘मामू, पालेभाजी खाणारी बाई आणखी काय काय करते, ते सगळं कुठं मोजलंय? तिच्या घराजवळ मळा असेल, सासू जीव लावणारी असेल. जे मोजलंच नाही ते समीकरणात कसं येणार?’

प्रश्न बिनतोड होता, आणि संशोधकांनाही तो पडलेलाच होता. म्हणून पुढची पायरी घेतली गेली ती मुंबईत. वस्त्यांमधल्या स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला पालेभाज्या, फळे आणि दूध घालून केलेला खाऊ दिला, दुसऱ्याला या गोष्टी कमी असलेला. कोणत्या गटात कोण जाणार हे नशिबावर सोडले की मळा, सासू, पैसा हे सारे दोन्ही गटांत सारखे वाटले जाते. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. सगळ्या मिळून पाहिले तर बाळांच्या सरासरी वजनातला फरक २६ ग्रॅम, आणि तो योगायोगानेही पडू शकेल इतका लहान. पण ज्यांना गर्भधारणेच्या आधी किमान तीन महिने खाऊ मिळत होता त्यांच्या बाळांचे वजन सुमारे ४८ ग्रॅमने जास्त भरले. म्हणजे रेषेने दिशा दाखवली आणि प्रयोगाने तिची ताकद किती, वेळ कोणती, हे सांगितले. रिग्रेशन हा तपासाचा पहिला पंचनामा आहे. निकाल त्यापुढे असतो.

नर्सिंगच्या आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आणखी एक प्रकार भेटतो. कधी उत्तर ग्रॅममध्ये नसते, ‘हो’ किंवा ‘नाही’ असे असते. बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे आहे की नाही? लस घेतली की नाही? इथे सरळ रेष चालत नाही, कारण ती शंभर टक्क्यांच्या वर आणि शून्याच्या खालीही जाऊ शकते. मग रेषेऐवजी इंग्रजी एस अक्षरासारखी वाकलेली रेघ घेतात. ती शून्य आणि शंभर यांच्या आतच राहते. यालाच लॉजिस्टिक रिग्रेशन म्हणतात. समजण्याची रीत तीच, फक्त उत्तर ‘इतके ग्रॅम’ असे न येता ‘शक्यता इतकी कमी-जास्त’ असे येते.

‘रिग्रेशन’ हा शब्द आला कुठून, हेही सांगतो. त्याचा मूळ अर्थ मागे येणे. इंग्लंडच्या फ्रान्सिस गॉल्टन यांनी २०५ जोडप्यांच्या आणि त्यांच्या ९२८ मोठ्या झालेल्या मुलांच्या उंचीचा हिशेब १८८६ मध्ये मांडला. खूप उंच आईबापांची मुले उंच होती, पण सरासरी पाहता आईबापांइतकी नाही. बुटक्यांची मुले तितकी बुटकी नव्हती. आईबाप सरासरीपासून जितके दूर, त्याच्या सुमारे दोन तृतीयांशच मुले दूर. या मागे येण्याला त्यांनी रिग्रेशन म्हटले. याच गॉल्टननी या विद्येच्या जोरावर माणसांची वंशसुधारणा करायचे मनसुबेही रचले, आणि त्या विचाराने पुढच्या शतकात मोठे अनर्थ घडवले. हिशेब बरोबर असूनही त्यातून काढलेला हुकूम चुकीचा असू शकतो, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

या मागे येण्याचा एक फसवा खेळ आपल्या आरोग्य शिबिरांत रोज चालतो. गावात शंभर जणांचा रक्तदाब मोजला आणि ज्यांचा सर्वांत जास्त आला अशा दहा जणांना निवडले. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजला तर त्यांची सरासरी काहीही न करता थोडी उतरलेली दिसेल. कारण त्या दहांत काही जण असे असतात की, त्या दिवशी उन्हातून चालत आले होते, घाबरले होते किंवा घरी भांडण झाले होते. कुपोषित बालकांचेही तसेच. सर्वांत कमी वजनाची मुले निवडली, त्यांतल्या काहींना त्या आठवड्यात जुलाब झालेले असतात. ती मुले आपोआपही सावरतात. आपण मात्र श्रेय आपल्या योजनेला देतो. म्हणूनच योजना न मिळालेला, पण तसाच निवडलेला दुसरा गट शेजारी हवा. नाहीतर मागे येणारा आकडा आपल्यालाच मागे नेतो.

आता एक भाषेच्या माणसाची तक्रार. रेषेवर मांडायचे म्हणजे आधी माणसाला आकड्यात बसवायचे. साक्षर असेल तर १, निरक्षर असेल तर ०. आपल्या जळगावजवळच्या आसोद्यात १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी लिहायला-वाचायला शिकल्या नव्हत्या. १९५१ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या तोंडून निघालेल्या ओव्या त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरातल्या माणसांनी उतरून ठेवल्या होत्या, म्हणून १९५२ मध्ये त्या पुस्तकरूपाने जगासमोर आल्या. २०१८ मध्ये इथल्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. त्याच विद्यापीठात एखादी मुलगी आज सर्वेक्षणाचा तक्ता भरते, तेव्हा त्या तक्त्यात बहिणाबाईंच्या नावापुढे ० पडेल. आकडा खोटा नाही. पण त्या शून्यात काय मावले नाही, हे माहीत असलेल्यानेच तो भरावा. ‘शिक्षण’, ‘निर्णयात सहभाग’, ‘जाच’ असे शब्द प्रश्नावलीत येतात तेव्हा त्यांचे माप कसे घेतले हे प्रबंधात आधी सांगावे. माप वाकडे असेल तर रेष कितीही सरळ काढली तरी उपयोग नाही.

शिकणाऱ्यांना चार गोष्टी सुचवतो. संगणक उघडण्याआधी ठिपके कागदावर मांडून डोळ्यांनी पाहा. एखादा ठिपका एकटाच दूर पडला असेल तर तो पुसू नका, त्या गावी जाऊन या. उतार लिहिताना त्याची मर्यादाही लिहा, म्हणजे ७ येत असेल तर तो ५ ते ९ यांच्या दरम्यान असावा की १ ते १३ यांच्या, हे सांगा. दोन्हींत पुष्कळ फरक आहे. ‘पी’ नावाचा आकडा ०.०५ च्या खाली आला म्हणून नाचू नका. त्याचा अर्थ एवढाच की, संबंध मुळीच नसता तर एवढा उतार नुसत्या योगायोगाने क्वचितच दिसला असता. संबंध महत्त्वाचा आहे की नाही, हे तो सांगत नाही. आणि शेवटची गोष्ट, निष्कर्षात ‘मुळे’ लिहिण्यापूर्वी थांबा. ब्रिटनच्या यूल यांनी १८९९ मध्ये इंग्लंडमधल्या दारिद्र्यावर समाजशास्त्रातला हा पहिल्या काही प्रयत्नांपैकी एक हिशेब मांडला, तेव्हा त्यांनीही तळटीप देऊन वाचकाला बजावले होते की, ‘मुळे’ म्हटले आहे तिथे ‘सोबत आढळते’ असेच समजावे. सव्वाशे वर्षे झाली. ती तळटीप अजून जुनी झालेली नाही.

नैसर्गिकपणे दर हजार मुलग्यांमागे सुमारे साडेनऊशे मुली जन्मतात. जळगावचा आकडा ८४२ होता. म्हणजे हजारामागे शंभराच्या वर मुलींची तूट. गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य, साल १९८८. देशाचा कायदा १९९४ चा, आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. कायद्यांनंतरही २००१ ते २०११ या काळात आपला आकडा खाली गेला. का गेला, कुठल्या तालुक्यात जास्त गेला, कुठल्या घरांत दुसरी मुलगी नको असते आणि कुठल्या घरांत चालते, याचा शोध आपल्याच मुलामुलींनी घ्यायचा आहे. त्यांना या गावांची भाषा येते. अहिराणीत प्रश्न विचारता येतो, आणि ओटीवर बसलेल्या म्हातारीच्या गप्प बसण्याचा अर्थही कळतो. त्याच्या जोडीला ही रेष काढण्याची आणि ती वाचण्याची विद्या आली, तर त्यांच्या प्रबंधातले तक्ते जिल्ह्याच्या कामाला येतील. पुढच्या जनगणनेचे आकडे येतील तेव्हा नंदुरबार, धुळे आणि जळगाव हे तीन ठिपके पुन्हा मांडून पाहा. या वेळी रेष कोणीकडे झुकली ते सांगायला, आणि का झुकली ते शोधायला, आपल्याकडे तयार माणसे हवीत.